लहान फळांची लोणची : मीठ मोजावे ते वजनावर

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत मोठ्या फळबागा थोड्या आहेत. परंतु बांधावर, विहिरीच्या काठी, परसात व माळावर लहान फळे देणारी झाडे पुष्कळ आढळतात. किनवट व माहूरच्या डोंगरी भागात आवळा आणि भोकर, काळ्या रानाच्या बांधांवर बोर व चिंच, तर पाण्याची सोय असेल तेथे कागदी लिंबाची दोन-चार झाडे बहुधा असतातच. ही फळे शेतीच्या हिशेबात धरण्याची आपल्याकडे रीत नाही. हंगाम आला की ती सगळी एकदम येतात, बाजारात त्यांचा भाव पडतो आणि तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून झाडाखालीच कुजतात. पुढे चार महिन्यांनी त्याच घरातून लोणच्याची बाटली दुकानातून विकत आणली जाते.

घरी लोणचे घालण्याचे सोडून का दिले, असे गावोगावी विचारले असता बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : "टिकत नाही." आईच्या वा आजीच्या हातचे लोणचे दोन दोन वर्षे टिकत असे, आता मात्र श्रावण उजाडण्याच्या आतच बुरशी धरते. याची कारणे लोक पाण्यात, हवेत, खतांत शोधतात. बहुतेक वेळी कारण त्याहून पुष्कळ साधे असते, ते म्हणजे मीठ कमी पडणे. आणि मीठ कमी पडते ते मुख्यतः ते मापाने घातल्यामुळे.

माप आणि वजन

याविषयी प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव सांगणे योग्य होईल. नोकरीच्या पहिल्या वर्षी नांदेड जिल्ह्यातील एका गावी महिलांच्या बचतगटासमोर भोकर व कैरीच्या लोणच्याचे प्रात्यक्षिक केले होते. सर्व जिन्नसांचे प्रमाण वाट्यांत सांगितले. गटाने वीस किलो लोणचे घातले. आषाढात पावसाची झड लागली आणि बरण्यांची झाकणे फुगू लागली. आत फेस, वर पांढरी साय आणि उग्र वास. सर्व लोणचे टाकून द्यावे लागले; गटाची दोन महिन्यांची बचत तेल-मसाल्यात गेली होती. मी पाण्याला दोष दिला, बरण्यांना दोष दिला. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, "साहेब, तुमचं माप बारीक मिठाचं, आमचं मीठ खड्याचं. वाटी एकच असली म्हणून मीठ एकच होतं व्हय?"

आजीबाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बारीक मिठाची वाटी दाबून भरते. खड्याच्या मिठात खड्यांच्या मधे पोकळी राहते, म्हणून तीच वाटी वजनाला हलकी भरते. खड्याच्या आकाराप्रमाणे हा फरक पाचव्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकतो. वाचकांनी स्वतःच्या घरी एक वाटी या मिठाची व एक त्या मिठाची तोलून पाहावी. आधीच बेताने धरलेल्या प्रमाणातून पाचवा हिस्सा गेला, तर लोणचे टिकण्याच्या रेषेच्या खाली उतरते.

जुन्या घरांतील प्रमाणे चुकीची नव्हती, हेही लक्षात घ्यावे. ती शेर-अच्छेरांत असत, आणि आपल्याकडे शेर दोन प्रकारचे होते : धान्य मोजण्याचा मापी शेर निराळा आणि तराजूतला वजनी शेर निराळा. पक्का वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा असे. १९५८ पासून किलोग्रॅमची पद्धत येऊ लागली आणि शेर मागे पडला; पण आजीने सांगितलेला शेर मापाचा की वजनाचा, हे विचारून ठेवायचे राहून गेले. आज कित्येक घरांत मापी शेराचा आकडा किलोत धरून लोणची घातली जातात. आजी, सासूबाई हयात असतील तर हा प्रश्न त्यांना अवश्य विचारावा व प्रमाण ग्रॅममध्ये लिहून ठेवावे.

मीठ फळातील पाणी ओढून घेते व स्वतःभोवती धरून ठेवते, त्यामुळे कुजविणाऱ्या जंतूंना वापरण्याजोगे पाणी उरत नाही. शेकडा ५ ते ८ इतकेच मीठ असता आंबविणारे जंतू जोमाने वाढतात. काही भाज्या मुद्दाम आंबविताना तेच हवे असते. वर्षभर टिकावयाच्या लोणच्यात ते नको. प्रमाण शेकडा १२ च्या पुढे गेले की बहुतेक उपद्रवी जंतूंचे चालेनासे होते. मिठाच्या पाण्यातील किंवा लिंबूवर्गीय रसातील लोणच्यात मीठ हेच मुख्य टिकविणारे द्रव्य असेल, तर ते शेकडा १२ पेक्षा कमी नसावे, असे अन्न सुरक्षेच्या नियमांतही सांगितले आहे.

हे प्रमाण काढताना एक चूक नेहमी होते. मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून लोणच्याच्या एकूण वजनातून तेल वगळावे आणि उरलेल्या फळ, मसाला व मीठ यांच्या बेरजेवर टक्केवारी काढावी. एक किलो फळ व शंभर ग्रॅम मसाला असेल तर १५० ग्रॅम मिठाने शेकडा १२ ची रेषा जेमतेम गाठली जाते. म्हणून किलोला १७० ते १८० ग्रॅम धरणे सुरक्षित होय. यासाठी बिनचूक तोलणारा लहान काटा पुरे. तो गटात एक असला तरी गावाचे काम भागते.

रक्तदाबाच्या विकारामुळे मीठ कमी खाण्याचा सल्ला आता पुष्कळांना मिळतो व तो योग्यच आहे. परंतु त्यासाठी बरणीतील मीठ कमी करू नये. पानातील लोणच्याची फोड लहान करावी. कमी मिठाचेच लोणचे हवे असेल तर ते आठवड्यापुरते घालून फ्रीजमध्ये ठेवावे.

भोकर

भोकर या नावाचे तालुक्याचे गाव नांदेड जिल्ह्यातच आहे. त्या नावाचे मूळ काहीही असो, भोकराचे झाड (शास्त्रीय नाव कॉर्डिया डायकोटोमा) या भागाला नवे नाही. ते रुक्ष हवेत तगते आणि बांधावर वाढते. फळ पिकले म्हणजे गुळचट व फार चिकट होते. मुले त्याच्या गराने कागद चिकटवितात. लोणच्याकरिता मात्र चैत्र-वैशाखातील हिरवी, टणक, सारख्या आकाराची फळेच घ्यावीत. रंग पालटू लागलेले फळ घेतल्यास लोणचे लिबलिबीत होते.

फळे देठ काढून स्वच्छ धुवावीत. उकळत्या पाण्यात चार ते पाच मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावीत. त्यायोगे साल मऊ होते व चीकही कमी होतो. नंतर स्वच्छ कापडावर सावलीत पसरून वरचे पाणी पूर्ण सुकू द्यावे. या पायरीला कंटाळू नये. सुकलेले फळ बत्त्याने हलके ठेचावे व आतील बी काडीने काढावे. चीक हाताला व काडीला धरतो, म्हणून दोन्हींना वारंवार मीठ लावावे. हे मीठही आधी तोललेल्या मिठातूनच घ्यावे, म्हणजे हिशेब बिघडत नाही.

बी काढलेले भोकर १ किलो असल्यास कैरीचा कीस अर्धा किलो घ्यावा. मोहरीची डाळ १०० ग्रॅम, लाल तिखट ७५ ग्रॅम, हळद २५ ग्रॅम, भाजून कुटलेली मेथी १५ ग्रॅम आणि हिंग १० ग्रॅम घ्यावा. तिखट धर्माबादच्या बाजारातील नवीन मिरचीचे व हळद वसमत भागातील असेल तर रंगासाठी दुसरे काही लागत नाही. फळ व मसाला मिळून १,७२५ ग्रॅम होतात. त्यात २६० ग्रॅम मीठ घातले म्हणजे बेरीज १,९८५ ग्रॅम होऊन मिठाचे प्रमाण शेकडा १३ पडते. तेल सुमारे ४०० ग्रॅम लागते. फोडी बुडत नसतील तर अधिक घ्यावे.

येथे कैरीविषयी विशेष सांगितले पाहिजे. कैरी चवीसाठी घालतात असा समज आहे, आणि ती महाग असली की प्रमाण निम्मे केले जाते. हे धोक्याचे आहे. भोकर स्वतः आंबट नाही. त्याची आंबटाई कैरीतूनच येते. तेलाखाली हवा पोहोचत नाही म्हणून बुरशी अडते हे खरे. परंतु हवेवाचूनच वाढणारे काही जंतू असतात, आणि त्यांतील एकाचे विष जिवावर बेतणारे असते. ते जंतू आंबट पदार्थात वाढत नाहीत. आंबट नसलेले फळ, कमी मीठ आणि वर तेलाचा थर ही तिन्ही एकत्र आली म्हणजे लोणचे दिसण्यास चांगले असूनही खाण्यास योग्य राहत नाही. भोकराला कैरीची जोड देण्याची पद्धत ज्यांनी पाडली त्यांना हे शास्त्र ठाऊक असण्याचा संभव नाही. पण त्यांची जोडी बरोबर होती.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. तसे वर्ष आले म्हणजे मोहोर झडून कैरी हाती लागत नाही. अशा वेळी किलो भोकरास बी काढलेली २०० ग्रॅम चिंच उकळून घेतलेल्या थोड्या पाण्यात कोळून तिचा दाट कोळ घालावा. लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चिंचेची आपल्याकडे वाण नाही. कोळाचे वजन फळात धरून त्यावरही मीठ तोलावे.

मोहरी, तेल व बरणी

लोणच्यातील मसाल्यांपैकी टिकविण्याचे खरे काम मोहरी करते. मोहरीचे दाणे अख्खे असताना त्यांना झणका नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागले की आतील एक विकर दुसऱ्या घटकावर क्रिया करते व नाकात जाणारे तिखट द्रव्य तयार होते. हेच द्रव्य बुरशीला आवर घालते. मोहरी फेसून घालण्याची आपली रीत म्हणजे ही क्रिया घडवून आणणेच होय. उष्णतेने ते विकर नष्ट होते. म्हणून मोहरीची डाळ लाल होईपर्यंत भाजू नये व तिच्यावर कडकडीत फोडणी ओतू नये. तेल धूर येईपर्यंत तापवावे, त्यात हिंग घालावा, ते पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मगच मिसळावे. कित्येक सुगरणी गरम फोडणीचा चर्र आवाज आल्याशिवाय लोणचे झाले असे मानीत नाहीत. त्यांनी ती फोडणी मेथीवर द्यावी, मोहरीवर नको.

तेलाविषयी मतभेद आहेत. या भागात जुन्या काळापासून करडईचे तेल वापरतात. ते चवीला हलके असते. मात्र नेहमीच्या वाणांचे करडई तेल हवा व उजेड लागल्यास शेंगदाणा तेलापेक्षा लवकर खवट होते. माझ्या मते वर्षाच्या आत संपणाऱ्या घरच्या लोणच्याला करडईचे तेल उत्तम. बाजारात जाणाऱ्या किंवा काचेच्या बाटलीत उजेडात राहणाऱ्या लोणच्याला शेंगदाणा तेल बरे. तेल कोणतेही असो, फोडींच्या वर किमान अर्धा सेंटिमीटर थर राहिला पाहिजे. दर खेपेस फोडी काढल्यावर हा थर मोडतो, म्हणून कोरड्या डावाने लोणचे दाबून पुन्हा सारखे करावे.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची असावी. तांबे, पितळ, लोखंड, अॅल्युमिनियम यांना आंबट रस खातो व लोणचे काळवंडते. बरणी धुऊन उन्हात कडकडीत वाळवावी आणि लोणचे भरल्यावर तोंडाला स्वच्छ दादरा बांधावा. पहिले आठ दिवस रोज एकदा हलवावे, नंतर महिनाभर मुरू द्यावे.

कागदी लिंबू

कागदी लिंबाची अडचण निराळी आहे. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात येतात. तेव्हा माल पुष्कळ, मागणी थोडी आणि ऊन मुळीच नाही. उन्हाळ्यात तेच लिंबू नगावर विकले जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठातून निवडलेले 'प्रमालिनी' व 'विक्रम' हे वाण घोसांनी फळे देतात, आणि 'विक्रम'ला काही फळे बिगरहंगामातही येतात. नवीन लागवड करणाऱ्यांनी त्यांचा विचार करावा. परंतु आज झाडावर असलेल्या फळांचे काय करावे, हा प्रश्न राहतोच.

त्यासाठी पावसाळ्यात केवळ खारवण करावी आणि लोणचे आश्विनात करावे. पिवळी पडलेली, पातळ सालीची, डागरहित लिंबे धुऊन पुसून कोरडी करावीत. एक किलोपैकी पाऊण किलोच्या चार चार फोडी कराव्यात व पाव किलोचा रस काढावा. फोडींना २०० ग्रॅम मीठ चोळून बरणीत भराव्या व वरून रस ओतावा. फोडी रसाच्या वर डोकावता कामा नयेत. त्यांच्यावर चिनी मातीची लहान बशी उपडी ठेवून दाबावे. पाणी अजिबात घालू नये. मीठ व आंबटाई दोन्ही भरपूर असल्यामुळे ही खारवण घराच्या कोरड्या कोपऱ्यात दोन-तीन महिने चांगली राहते. रसाबाहेर राहिलेल्या एका फोडीला बुरशी आली तर ती सगळ्या बरणीला लागते, म्हणून आठवड्यातून एकदा उघडून पाहावे.

पाऊस उघडून आश्विनाचे कडक ऊन पडू लागले की बरणीला दादरा बांधून ती आठ-दहा दिवस उन्हात ठेवावी. साल मऊ होऊन तपकिरी झाकेवर आली म्हणजे किलोस ५० ग्रॅम तिखट, १० ग्रॅम हळद, भाजलेल्या जिऱ्याची पूड व थोडा हिंग मिसळावा. गोड लोणचे हवे असल्यास गूळ घालावा. मात्र गूळ घातला म्हणून मीठ कमी करू नये. या लोणच्यास तेल लागत नाही, म्हणून त्याचा उत्पादनखर्चही कमी येतो. बचतगटांनी पहिले पाऊल लिंबापासूनच टाकावे, असे मला अनुभवाने वाटते. भोकराच्या लोणच्यास हात बसावा लागतो.

आवळा व करवंद

आवळा मार्गशीर्षाच्या सुमारास येतो. तो वाफवून पाकळ्या सुट्या कराव्यात व वर सांगितल्याप्रमाणे तेलातील लोणचे घालावे. तो मुळात आंबट असल्याने कैरी लागत नाही. मुरंब्यात मिठाचे काम साखर करते, पण तिथेही कंजुषी चालत नाही : तयार मुरंब्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, प्रमाण शेकडा ६५ पेक्षा खाली येऊ देऊ नये. करवंदाचे काटेरी कुंपण ज्यांनी केले असेल त्यांनी कच्ची फळे चीक जाईपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवून, सुकवून, तशीच वापरावीत.

विक्री करावयाची झाल्यास

फळपदार्थांवर देखरेख ठेवणारा एक आदेश १९५५ चा होता. आता त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आहे. घरगुती प्रमाणावर विकणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. ती केल्याशिवाय माल बाजारात नेऊ नये. तेलातील लोणच्यात फळांचे निथळलेले वजन शेकडा ६० पेक्षा कमी नसावे, अशी अट आहे. वेष्टणावर जिन्नस, निव्वळ वजन व तयार केल्याची तारीख स्पष्ट लिहावी. भोकरासारख्या कमी आंबट फळाचे लोणचे विकावयाचे असेल तर पहिल्या घाणीचा नमुना प्रयोगशाळेतून आंबटाईसाठी तपासून घ्यावा. लातूर येथील व नांदेड जिल्ह्यात सगरोळी येथील कृषी विज्ञान केंद्रांत याविषयी विचारपूस करता येईल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाला जाताना काटा बरोबर न्यावा व महिलांकडूनच मीठ तोलून घ्यावे. आपण तोलून दाखविल्याचा उपयोग होत नाही.

बिघडलेले लोणचे

वरचा थर काढून टाकून खालचे खाण्याची सवय घरोघर आहे. तेलावर आलेला बुरशीचा ठिपका वर दिसतो तेवढाच नसतो. तिचे तंतू खोल गेलेले असतात. झाकण फुगणे, फेस येणे, फोड बोटात विरघळणे किंवा वास उतरणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर चाखूनही पाहू नये. सर्व लोणचे खोल खड्ड्यात पुरावे व बरणी उकळत्या पाण्याने धुवावी. हा खड्डा झाडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ घेऊ नये. करवंद बुडविलेले मिठाचे पाणीही परसातील लिंबाच्या बुंध्याशी ओतण्याची चूक करू नये. पाण्याबरोबर मीठ मुळांशी साचते, पाने कडेने करपतात, आणि पुढच्या वर्षी खारवणीला फळच उरत नाही.